साहेब, आमचं पुस्तक तुमच्याकडे राहिलंय

मा. साहेब यांस,



तुमचं नाव लिहीत नाही, हुद्दाही नाही. माझं आणि शाळेचं नावही गाळलंय. आमच्या इंदापूर तालुक्यात ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांना ओळखून उपयोग नाही. शेरापुस्तकात तुम्हाला लिहायला पान असतं आणि मला फक्त सहीपुरती जागा असते. मी सही केली. त्या जागेत न मावलेलं इथं लिहितोय.

तुमचा शेरा मला आता पाठ झालाय. ‘इ. ७ वी, इंग्रजी. नियोजनानुसार घटक पूर्ण नाहीत. व्याकरणाचा सराव अपुरा. वह्यांतील चुका तपासलेल्या नाहीत. अवांतर पुस्तकात तासिका वाया जात आहेत. सुधारणा करावी.’ पाच वाक्यं, आणि व्याकरणाची चूक एकाही वाक्यात नाही.

यातलं एक वाक्य खरं आहे, ते आधीच कबूल करतो. माझे दोन घटक मागे आहेत. मार्चअखेर ते मी ओढून नेईन, दरवर्षी नेतो. माझे उच्चारही काही लंडनचे नाहीत. मी पाचवीला एबीसीडी शिकलेल्या पिढीतला. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आलं. तोवर आमची शाळा सुटली होती. वर्गात जाण्याआधी मी मोबाइलवर शब्दाचा उच्चार ऐकून घेतो, आणि मुलांना ते माहीत आहे. एखादा शब्द अडला की तीच म्हणतात, ‘सर, मोबाइलला विचारा.’ याची मला लाज वाटत नाही. लाज वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे. दहावीला इंग्रजीत चांगले मार्क पाडून, पुढं डी.एड. करून मी मास्तर झालो, पण आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं ते सव्वीसाव्या वर्षी. तोवर माझ्या लेखी इंग्रजी म्हणजे रिकाम्या जागा, जोड्या लावा आणि गाइडातली उत्तरं. काळाचे बाराही प्रकार तक्त्यासकट पाठ होते, आणि त्यातल्या एकाही काळात मला सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता तपासणीच्या त्या मंगळवारविषयी. तुम्ही वर्गात आलात, मुलं उभी राहिली, बसली. तुम्ही विचारलंत, ‘नाउन म्हणजे काय?’ सत्तावीस पोरांनी एका सुरात व्याख्या म्हटली. परिपाठाला प्रतिज्ञा म्हणतात त्याच सुरात. तुम्ही ‘शाब्बास’ म्हणालात. साहेब, त्यातल्या निदान दहा जणांना ती व्याख्या कुठं संपते आणि पुढची कुठं सुरू होते हे कळत नाही. तुम्ही थांबवलं नसतं तर त्यांनी प्रोनाउन आणि व्हर्बसुद्धा त्याच दमात म्हटलं असतं. त्या दिवशी वर्गातली सगळ्यात कमी किमतीची गोष्ट हीच होती, आणि शाबासकी मिळाली ती हिलाच.

मग तुम्ही पहिल्या बाकावरच्या मुलीची वही उचललीत. पान उघडलंत ते जुलैतलं. त्यावर चार वाक्यं होती. ‘माय गोट स्मॉल. मदर नो मिल्क. शी ड्रिंक मिल्क माय हँड. नाउ शी रन.’ तुम्ही खिशातून लाल पेन काढून गोल करायला सुरुवात केलीत. मी मोजले, सात गोल. ती मुलगी तुमच्या पेनाकडं नव्हे, माझ्याकडं बघत होती.

ही वाक्यं कुठून आली ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगतो. जूनच्या शेवटी मी वर्गात एक कादंबरी वाचायला घेतली. ‘शार्लट्स वेब’, लेखक ई. बी. व्हाइट, १९५२ सालची. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत ऐंशी रुपयांना मिळाली. एकच प्रत. दर शुक्रवारचा आणि शनिवारचा शेवटचा तास. मी वाचतो, महत्त्वाचा परिच्छेद फळ्यावर उतरवतो, जमेल तिथं मराठीत सांगतो, जमेल तिथं मुद्दाम सांगत नाही. कादंबरी सुरू होते ती एका अशक्त पिल्लापासून. डुकरिणीला पिल्लं झालेली असतात, त्यातलं एक किरटं निघतं, आणि शेतकरी बाप त्याला मारायला कुऱ्हाड घेऊन निघतो. मुलगी आडवी येते, पिल्लू मागून घेते आणि बाटलीनं दूध पाजून जगवते. डुक्कर म्हटल्यावर पहिल्या दिवशी वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी हसला नाही. कारण पहिल्या बाकावरची ती मुलगी, जी तोवर इंग्रजीच्या तासाला ‘येस सर’पलीकडं बोलली नव्हती, उठून म्हणाली, ‘सर, आमच्या शेळीचं बी एक असंच हाय. आई दूध पिऊ देत न्हाई त्याला. मी पाजती.’ मी म्हटलं, इंग्रजीत लिहून आण. तिनं ती चार वाक्यं आणली. कुणाच्याही गाइडात नसलेली.

आता तुमचे गोल. ‘ड्रिंक’ला एस नाही, बरोबर. पण साहेब, तीच मुलगी घरी बोलते तेव्हा बकरू पितं, शेळी पिती, बोकड पितो. क्रियापदाला लिंग आणि वचन आपोआप लावते, कधी चुकत नाही, आणि तिला ते कुणी शिकवलेलं नाही. इंग्रजीत त्या जागी एकच एस लावायचा असतो, आणि आपण पाचवीपासून सातवीपर्यंत तो एस व्याख्येनं शिकवतो. दुसरा गोल ‘मिल्क माय हँड’ला. इथं ‘फ्रॉम’ राहिलंय, हे तुम्हाला दिसलं. का राहिलं ते मला दिसलं. मराठीत ती म्हणते ‘माझ्या हातनं’. तो ‘नं’ हाताच्या मागं चिकटतो. ती इंग्रजीतही हाताच्या मागंच काहीतरी शोधत होती, तिथं काही सापडलं नाही, म्हणून जागा मोकळी सोडली. हा अडाणीपणा नाही, हा मराठीचा पक्का पाया आहे. मी फळ्यावर ‘हातनं’ लिहिलं, ‘नं’ला खडूनं चौकट केली, आणि म्हटलं, इंग्रजीत हा मागचा डबा उचलून पुढं इंजिनाच्या जागी लावायचा. पोरांना दौंड-बारामती गाडी माहीत आहे, लगेच समजलं. मग ‘शेतात’, ‘झाडाखाली’, ‘शाळेला’, सगळे डबे पुढं आले. तो तास व्याकरणाचा होता, साहेब. टाचणवहीत मी ‘प्रीपोझिशन’ असं लिहिलंही आहे, त्या तारखेला.

तुम्ही पान उलटलं नाहीत. पुढच्या पानावर त्याच मुलीच्या हातचं, पेन्सिलीनं, खोडून खोडून पुन्हा लिहिलेलं वाक्य आहे. ‘शी ड्रिंक्स मिल्क फ्रॉम माय हँड.’ एस आहे, फ्रॉम आहे. मी तपासलं नाही म्हणता ते हे. पण मी चुकीवर लाल गोल करत नाही, कारण ज्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत स्वतःचं काही सांगितलं, तिच्या त्या पानावर मला रक्तासारखे गोल नको होते. आता ते आहेत. तिनं ते पान फाडलं नाही, एवढंच नशीब.

दुसरी वही तुम्ही मोठ्यानं वाचलीत. ‘माय फ्रेंड इज वॉटर सोल्युबल.’ आणि हसलात. तुमच्याबरोबर आलेलेही हसले. ‘हे काय इंग्रजी, गुरुजी?’

तर ऐका. त्या कादंबरीत शार्लट नावाची कोळीण आहे. डुकराला कापण्यापासून वाचवायला ती आपल्या जाळ्यात शब्द विणते, आणि लोक चमत्कार समजून लोटतात. पण शब्द आणायचे कुठून? मग एक हावरट उंदीर उकिरड्यावरून कागदाचे कपटे आणतो. एकावर ‘क्रंची’ असतं. मी हा शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारलं, हा विणावा का? दोन सेकंद शांतता, आणि मागून एक जण ओरडला, ‘नगं सर! क्रंची लिवलं तर कापत्याल की त्याला!’ साहेब, विशेषण म्हणजे काय याची व्याख्या मी त्या दिवशी सांगितली नाही. एक शब्द जीव घेऊ शकतो आणि दुसरा वाचवू शकतो, हे सातवीच्या पोरांना कळल्यावर व्याख्येत आणखी काय सांगणार होतो?

मग मी त्यांना उंदीर केलं. घरी, शेतात, उकिरड्यावर जे इंग्रजी छापलेलं दिसेल त्यातला एक शब्द आणायचा. दुसऱ्या दिवशी टेबलावर खताच्या गोण्यांचे तुकडे, बियाण्याच्या पिशव्या, शॅम्पूच्या पुड्या, पशुखाद्याचं पोतं, द्राक्षाच्या औषधाच्या बाटलीचं लेबल. ‘हायब्रीड’, ‘सॉफ्ट’, ‘ग्रॅन्युलर’, ‘पॉयझन’. आमच्याकडं डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा, त्यामुळं ठिबकमधून सोडायच्या १९:१९:१९ खताची पिशवी पाच जणांनी आणली. तिच्यावर ‘वॉटर सोल्युबल’. अर्थ सांगितला, पाण्यात विरघळणारं. आणि मग म्हटलं, यातला एक शब्द आपल्या वर्गातल्या कुणासाठी जाळ्यात विणायचा असेल तर कुठला आणि कुणासाठी? एका मुलानं आपल्या दोस्तासाठी ‘वॉटर सोल्युबल’ निवडला. का? ‘तो कुणात बी मिसळतो, सर.’

हे वाक्य मी गेली सोळा वर्षं इंग्रजी शिकवतोय त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. त्यात व्याकरणाची चूकही नाही, हवं तर पुन्हा बघा. तुम्ही ज्याला हसलात त्याला वाङ्मयात रूपक म्हणतात, आणि तुमच्याच दहावीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेतलं असलं काही ओळखून दाखवलं तर मार्क मिळतो. पोरानं स्वतः केलं तर ‘हे काय इंग्रजी’.

जाता जाता एक सांगतो. हे ‘अवांतर’ पुस्तक लिहिणारा व्हाइट नुसता पोरांच्या गोष्टी लिहिणारा नव्हता. कॉर्नेल विद्यापीठात त्याला विल्यम स्ट्रंक नावाचे प्राध्यापक होते. त्यांचं शुद्ध आणि नेटकं इंग्रजी कसं लिहावं यावरचं छोटं पुस्तक व्हाइटनं पुढं १९५९ साली वाढवून, सुधारून काढलं. अमेरिकेत लिहायला शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या ते पुस्तक वापरत आल्या. म्हणजे व्याकरणवाला आणि कोळिणीवाला हा एकच माणूस. शेरा लिहिणाऱ्याला तो दोन खात्यांत दिसतो.

तुम्ही असंही म्हणालात की कादंबरी बारावीला असते, सातवीला नाही. बरोबर आहे. बारावीच्या युवकभारतीत कादंबरीचा विभाग आहे. आधी कादंबरीचा इतिहास, मग ब्रेथवेट, व्हर्न आणि कॉनन डॉयल यांच्या कादंबऱ्यांतले वेचे. वेचे चांगलेच आहेत. त्यातली ब्रेथवेटची कादंबरी तर लंडनच्या ईस्ट एंडमधल्या, वाया गेलेली म्हणून सोडून दिलेल्या पोरांना शिकवणाऱ्या मास्तराची. पण माझ्या वर्गातले किती जण बारावीला बसतील? पहिल्या बाकावरच्या मुलीचं लग्न कधी होईल हे माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. तिला कादंबरी भेटायची तर आत्ताच भेटेल. आणि बारावीला भेटेल ती पात्रांची नावं, कथानक, विषय अशी चिरून, भाजी निवडून ठेवावी तशी. गोष्टीत पुढं काय होतं म्हणून रात्री झोप न येणं हे त्या विभागाच्या गुणदान योजनेत कुठंच नाही.

वाचनाविषयी वरून येणारे कागद मी सांभाळून ठेवलेत. १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक देऊन फोटो काढायचा आणि अपलोड करायचा. आम्ही काढला. काही मुलांनी पुस्तक उलटं धरलं होतं, फोटो तरी गेला, कुणी परत पाठवला नाही. मग २०२३-२४ ला पाठ्यपुस्तकाचे चार भाग झाले आणि प्रत्येक पाठामागं ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पानं आली. मला खरंच आनंद झाला होता. कोरं पान म्हणजे पोराला स्वतःचं लिहायला जागा! तालुक्यात किती ठिकाणी त्या पानांवर फळ्यावरची उत्तरंच उतरवली गेली, हे तुम्ही तपासणीत पाहिलंच असेल. पुढं ती पानं काढून टाकली. पानं आली तेव्हा कुणी आम्हाला विचारलं नाही, गेली तेव्हाही नाही. माझ्या वर्गात पोरं त्या पानांवर शेळ्या, उसाच्या ट्रॉल्या आणि एकमेकांच्या खोड्या मोडक्या इंग्रजीत लिहीत होती.

आणि आपण उभे आहोत ती जागा तरी कुठली? मी रोज बारामतीहून येतो. त्याच बारामतीत मोरोपंतांनी शंभरावर रामायणं रचली, त्यातलं एक निरोष्ठ. म्हणजे प-फ-ब-भ-म नाहीच, ओठाला ओठ लागू न देता रामकथा. एवढा मोठा कवी भाषेशी असा गोट्यांसारखा खेळत होता. व्याकरण म्हणजे खेळ, नियम घालून खेळायचा खेळ, हे आमच्या गावाला अठराव्या शतकात माहीत होतं. मी सातवीला मुळाक्षरांतल्या प-वर्गावर बंदी घालून वाक्य बोलायला लावतो. ‘आई’ चालते, ‘बाबा’ चालत नाही, पोरं हसून लोळतात. तुम्ही आलात तेव्हा तो खेळ नव्हता, हे तुमचं भाग्य म्हणायचं की माझं, ठरवता येत नाही.

पुढच्या वर्षी हीच पोरं आठवीला जातील तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ थोडी मराठीतून, थोडी राम देशमुखांच्या इंग्रजी अनुवादातून वाचायचं मनात होतं. धनगरांच्या वस्तीवर आलेल्या पोरसवदा मास्तराची गोष्ट. आमच्याकडं आषाढीच्या वाटेवर काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, वर्गातल्या तिघांची मेंढरं त्यात धावलेली आहेत. त्यांना ‘फ्लॉक’ शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. हेही अवांतरच का, ते आत्ताच कळवा. म्हणजे टाचणवहीत दुसऱ्या नावानं लिहीन.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. तुम्ही निघताना टेबलावरचं ते पुस्तक उचललंत. ‘बघू, काय शिकवता ते,’ म्हणालात, बगलेत धरलंत आणि गाडीत बसलात. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. वर्गानं मला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

पुस्तकात पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी इंदापूर-बारामती एसटीचं तिकीट खुणेला घातलंय. त्याच्या पुढं डुकराला जत्रेला नेणार आहेत, बक्षिसासाठी. जानेवारीत बारामतीच्या कृषिक प्रदर्शनाला आमची मुलं जाऊन आली, तिथल्या जनावरांचे फोटो अजून दाखवतात. ही जत्रा त्यांना बरोबर कळणार होती, म्हणून मी मुद्दाम हळू वाचत होतो. जत्रेनंतर काय होतं ते मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही. मी तोंडी सांगू लागलो तर मुलं म्हणाली, ‘नको सर, वाचूनच.’

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. तुमच्या हजेरीपटात तो कदाचित नसेल, तो दिवाळीनंतर येतो. आईबाप ऊसतोड करायला बीडकडून येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या करून राहतात. त्यानं पुस्तक चौथ्या-पाचव्या प्रकरणापासून ऐकलं. आधीचं त्याला बाकीच्यांनी सांगितलं, खिचडी खाताना, इंग्रजी शब्द मध्ये पेरून. ‘नगं सर, कापत्याल’ असं ओरडणारा तोच. काल त्यानं विचारलं, ‘सर, पट्टा पडायच्या आधी संपंल का?’

कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, आलाय. आठवड्याभरात कोप्या मोडतील आणि तो ट्रकवर बसून गावाकडं जाईल. पुढच्या हंगामात कुठल्या कारखान्यावर येईल ते त्याच्या बापालाही माहीत नाही. सात प्रकरणं उरलीत. रोज एक वाचलं तर होतं.

शेरा राहू द्या तसाच. पुस्तक मात्र या शनिवारच्या आत पाठवा, साहेब. कुणाच्याही हाती पाठवा, मी सही करून घेईन.

आपला,
इ. ७ वीचा इंग्रजीचा मास्तर